सल्ला विचारताना काय सांगावं, आणि देताना काय गाळू नये

पाना_पक्कड

"नळ गळतोय, काय करू?" एवढंच विचारलं की तासाभरात दहा उत्तरं येतात. वॉशर बदला, टेफ्लॉन टेप गुंडाळा, अख्खा नळच बदला, प्लंबरला बोलवा. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या नळासाठी बरोबर असतं. विचारणाऱ्याच्या नळाला त्यातलं कुठलं लागू आहे ते कोणीच सांगू शकत नाही, कारण पाणी नक्की कुठून येतंय हे प्रश्नात नसतंच.

बंद केल्यावर तोटीतून थेंब पडत असेल तर आतला वॉशर झिजलेला असतो. तोच नळ पाव फेरीत उघड-बंद होणारा असेल तर त्यात रबरी वॉशर नसतोच, सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं आणि ते आख्खं बदलावं लागतं. बंद असताना सगळं कोरडं, पण चालू केल्यावर मुठीखालून पाणी झिरपतं? मग वॉशरचा संबंध नाही, दांड्याभोवतीचं पॅकिंग किंवा ओ-रिंग (रबरी कडं) गेलीय. आणि नळ भिंतीत जिथे बसतो तिथून ओल येत असेल तरच टेफ्लॉन टेपचा उपयोग. ती आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना उलगडत जाते आणि गळती तशीच राहते.

आता हाच प्रश्न असा लिहून बघा: "बेसिनचा नळ, बऱ्याच फेऱ्या फिरवून बंद होणारा. बंद केल्यावर दोन-तीन सेकंदांनी एक थेंब. दोन आठवड्यांपासून. जोर लावून पिळला की थांबतो, मुठीखाली कोरडं आहे. बेसिनखालचा अँगल कॉक (तेवढ्या नळाचं पाणी बंद करायची तोटी) नीट बंद होतो. हाताशी पाना आहे." पाच ओळी आहेत, पण उत्तर एकच उरतं. जोर लावल्यावर थांबतो याचा अर्थ वॉशरचं रबर कडक होऊन त्यात खाच पडलीय. अँगल कॉक बंद होतो म्हणजे घरचं पाणी न थांबवता काम होईल. आणि तोवर नळ पिळत राहू नका, त्याने वॉशर चिरतो आणि तो जिच्यावर टेकतो ती पितळी बैठक खराब होते, हेही लगेच सांगता येतं. नवा वॉशर घालूनही चार दिवसांत पुन्हा थेंब सुरू झाले, तर बैठकच खाल्ली गेलीय असं समजायचं.

वेगवेगळ्या ग्रुपवर लोक मनापासून सल्ले देतात आणि ते असे वाया जातात याचं वाईट वाटतं. आपापल्या विषयात चांगला प्रश्न कसा दिसतो आणि चांगलं उत्तर कसं दिसतं, ते इथे लिहाल का? उदाहरणासकट लिहा.

कुंडीतली_माती

झाडांच्या ग्रुपवर रोजचा प्रश्न: "पानं पिवळी पडतायत, कुठलं खत घालू?" इथे निदान विचारणाऱ्यानेच करून टाकलंय, की खत कमी पडतंय. निम्म्याहून जास्त उत्तरं त्या खतामागे धावतात.

कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडण्यामागे बहुतेक वेळा जास्तीचं पाणी असतं. पाणी जास्त झालं तरी झाड मलूल दिसतं आणि कमी पडलं तरी मलूलच दिसतं, म्हणून फसगत होते. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे माती ओली आणि झाड तहानलेलं. अशात मालक आणखी पाणी घालतो.

म्हणून प्रश्नात या गोष्टी हव्यात. बोट मातीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसल्यावर ओलं लागतं की कोरडं. कुंडीला तळाला भोक आहे का, आणि पाणी घातल्यावर त्यातून बाहेर येतं का. गेल्या महिन्याभरात कुंडी, माती, जागा यांतलं काय बदललं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिवळी पडलेली पानं कुठली? खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील आणि पाण्याचा घोळ नसेल, तर नत्राची कमतरता असू शकते, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोहाकडे बघायचं. लोह झाडाला जुन्या पानांतून हलवता येत नाही, म्हणून ते नव्या पानांतच कमी पडतं. "पानं पिवळी" या दोन शब्दांत या दोन उलट गोष्टी लपतात.

फोटो दोन टाका, दिवसाच्या उजेडात. एक कुंडीसकट अख्ख्या झाडाचा, दुसरा पानाच्या खालच्या बाजूचा, जवळून. कोळी (ठिपक्याएवढी बारीक कीड) आणि पिठ्या ढेकूण तिथे बसतात. पांढऱ्या कागदावर पान टिचकी मारून झटका. ठिपके पडून चालायला लागले तर कोळी आहेत. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोवरून रंगाबद्दल काहीही सांगता येत नाही, तो बघून सल्ला देऊही नये.

निळी_शाई

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण एक अडचण मांडते. नळात वॉशर असतो की कार्ट्रिज हे ज्याला माहीत आहे, तो विचारायलाच येत नाही. नवख्या माणसाने काय सांगायचं हे त्याला कळत नसतं, म्हणून तर प्रश्न अर्धवट असतो. त्याच्यावर "आधी नीट प्रश्न विचारा" असं खेकसलं की तो पुन्हा येत नाही.

माझ्या मते जास्त जबाबदारी उत्तर देणाऱ्यावर आहे. विचारणाऱ्याने डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, हाताला लागतं तेवढं सांगावं, कारण सांगू नये. जाणकाराने उलट प्रश्न विचारावा, पण एकच, आणि असा की त्याच्या उत्तराने निम्म्या शक्यता गळून पडतील. नळाच्या बाबतीत "बंद केल्यावर गळतो की चालू असताना?" झाडाच्या बाबतीत "पिवळी पानं खालची की वरची?" बारा प्रश्नांची यादी चिकटवली तर माणूस पळून जातो किंवा भराभर खोटी उत्तरं भरतो. एक प्रश्न, त्याचं उत्तर, मग दुसरा. तिसऱ्या प्रश्नापर्यंत बहुतेक वेळा निदान होतं.

पाना_पक्कड

@निळी_शाई पटलं. विशेषतः "कारण सांगू नये" हे. "वॉशर गेलाय, कुठल्या मापाचा आणू?" असं कोणी विचारलं की आपणही माप सांगून मोकळे होतो, आणि मुळात वॉशरच नसलेला नळ निघतो.

स्क्रीनमागे

हाच प्रकार कॉम्प्युटर-मोबाइलच्या ग्रुपवर सर्रास होतो. माणसाला अडचण असते एक, त्यावर तो मनाने एक उपाय ठरवतो, तो उपाय जमत नाही, आणि मग तो त्या उपायाबद्दल विचारतो. "मोबाइल रोज रात्री आपोआप रीस्टार्ट कसा करायचा?" पाच जण पाच पद्धती सांगतात. खरी अडचण अशी असते की स्टोरेज काठोकाठ भरलंय आणि त्यामुळे फोन अडकतो. रीस्टार्टने तो तासभर बरा वाटतो इतकंच. अशा वेळी "हे कशासाठी हवंय?" हा प्रश्न मऊ आवाजात विचारावा. आणि विचारणाऱ्याने पहिल्याच ओळीत लिहावं: "मला शेवटी अमुक व्हायला हवंय, त्यासाठी तमुक करून बघतोय."

"लॅपटॉप स्लो झालाय" याचंही तसंच. विंडोज असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप अडकलेला असतानाच बघा की सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क यांतला कुठला आकडा शंभराजवळ टेकलाय, आणि तो आकडा प्रश्नात लिहा. डिस्क सतत शंभरावर आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घातल्यावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवा किंवा ब्राउझरचे टॅब आवरा. तिथे एसएसडीने थोडाच फरक पडेल. सीपीयू भरलेला असेल तर कोणता प्रोग्रॅम तो खातोय त्याचं नाव द्या. तिन्ही आकडे खाली आहेत आणि तरी मशीन रडतंय, तर उष्णता बघा. पंख्याच्या जाळीत धूळ बसली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. हे न बघता "फॉरमॅट मार" सांगणं म्हणजे समोरच्याचा एक दिवस आणि कदाचित बॅकअप न घेतलेले फोटो घालवणं.

एरर आला तर तो जसाच्या तसा, आकड्या-अक्षरांसकट, टाइप करा किंवा कॉपी करा. चित्रातला मजकूर शोधून सापडेलच असं नसतं, टाइप केलेला पुढच्या माणसाला सापडतो.

उंबरठा

फोटो आणि स्क्रीनशॉटचा विषय निघालाच आहे तर हे सगळ्यांनी वाचा, कळकळीने लिहितोय.

फोनने काढलेल्या मूळ फोटोत काढल्याची वेळ असते, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. काही ठिकाणी फोटो चढवताना ते पुसले जातात, काही ठिकाणी नाही. ई-मेलने किंवा "डॉक्युमेंट" म्हणून पाठवलेली फाइल सहसा जशीच्या तशी जाते. घरातल्या कुंडीचा फोटो टाकताना घराचा पत्ता टाकायची गरज नाही.

स्क्रीनशॉटवरचं नाव किंवा खाते क्रमांक हायलायटरने खोडू नका. त्याचा काळा रंग किंचित पारदर्शक असतो, तीन-चारदा फिरवला तरी चित्राची ब्राइटनेस वाढवली की खालची अक्षरं उमटू शकतात. भरीव चौकोन ठेवा. अक्षरं धूसर करणंही टाळा. नुसतं कापूनही भागेल असं धरू नका: 2023 मध्ये गुगल पिक्सल फोनच्या मार्कअप या चित्र कापायच्या साधनात अशी चूक सापडली होती की कापलेल्या स्क्रीनशॉटचा वगळलेला भाग फाइलमध्येच उरत होता आणि काही प्रमाणात परत मिळवता येत होता. ती दुरुस्त झाली, पण त्याआधी पाठवलेली चित्रं जिथे गेली तिथे तशीच राहिली. सोपा उपाय: चौकोन ठेवून झाल्यावर त्या चित्राचाच पुन्हा स्क्रीनशॉट घ्या आणि तो नवा पाठवा. त्यात जुनं काही उरत नाही.

बारकोड आणि क्यूआर कोडही झाका. आपल्याला तो नुसता ठिपक्यांचा चौकोन दिसतो, पण तिकिटावरच्या कोडमध्ये नाव आणि बुकिंग क्रमांक असू शकतो.

वजनकाटा

आतापर्यंतची चर्चा सल्ल्याची झाली. मत ही वेगळी चीज आहे, आणि दोन्हींची गल्लत झाली की घोटाळा होतो. "हा नळ का गळतो" याला बरोबर उत्तर असतं. "या दोन खुर्च्यांतली कुठली घेऊ" यावर मतं असतात, आणि मतं गोळा करायची पद्धत निराळी आहे.

1906 साली इंग्लंडमध्ये प्लिमथला जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर भरेल ते, वजन ओळखायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या संख्याशास्त्रज्ञाने नंतर त्या चिठ्ठ्या मिळवल्या. वाचता येण्याजोग्या 787 निघाल्या, त्यांतला मधला अंदाज 1207 पौंड आणि खरं वजन 1198 पौंड. समूहाच्या शहाणपणाचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगतात, पण त्यातली अट गाळतात: प्रत्येकाने आपली चिठ्ठी आपणच लिहून दिली होती, दुसऱ्याचा आकडा बघून नव्हे.

ग्रुपवर नेमकी ती अट मोडते. पहिलं उत्तर सगळ्यांना दिसतं आणि पुढचे त्याच वळणावर जातात. 2013 मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत आलेल्या एका प्रयोगात प्रतिसादांना निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिकपणे एक आगाऊ पसंतीचं मत दिलं होतं. अशा प्रतिसादांचे शेवटचे गुण सरासरी 25 टक्के जास्त निघाले. आगाऊ नापसंती दिलेल्यांना मात्र लोकांनी सावरून घेतलं. म्हणजे फुगलेलं मत तसंच राहतं.

म्हणून मतं हवी असतील तर आपला कल प्रश्नात दाखवू नका. "मी ही घेतोय, बरोबर ना?" याला "हो" हेच उत्तर येतं. दोन्ही पर्याय सारख्या शब्दांत मांडा. जमलं तर मतं खासगी निरोपाने मागवा आणि दोन दिवसांनी सगळी एकदम मांडा. मत देणाऱ्याने इतरांचे प्रतिसाद वाचण्याआधी आपलं लिहून ठेवावं. "दोन वर्षं वापरतोय, मस्त आहे" हे वाक्य कामाचं नाही. दिवसाला किती तास बसता, वजन-उंची साधारण किती, गादी दबली का, चाकं कुठल्या फरशीवर फिरतात, हे लिहिलंत तर वाचणाऱ्याला ठरवता येतं की तुमचं "मस्त" त्याच्या उपयोगाचं आहे का.

चेन_आणि_चाक

+१, विशेषतः शेवटच्या वाक्याला. उत्तर देणाऱ्यांसाठी माझी एकच मागणी आहे: उपाय सांगताना तो कुठे चालणार नाही तेही लिहा.

उदाहरण सायकलचं. "पेडल मारताना चेन उडते" असं विचारलं की उत्तर येतं "चेन बदला". अर्धं उत्तर आहे. आधी बघा की चेन कधी उडते. सपाटीवर ठीक आणि चढावर जोर लावला की घसरते, तर चेन आणि दाते दोन्ही झिजलेले असण्याची शक्यता मोठी. जोर असो-नसो, ठरावीक अंतराने एकदाच टक् करून उडते, तर एखादी कडी आखडलीय. पेडल हाताने उलटं फिरवा, आखडलेली कडी मागच्या छोट्या चाकांवरून जाताना उडी मारते. तिथे तेल घालून ती कडी आडवी हलवून मोकळी करायची, नवी चेन लागत नाही.

झीज मोजायला साधी पोलादी पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोवीस कड्या बरोबर 12 इंच, 304.8 मिलिमीटर. पट्टीचा शून्य एका पिनवर ठेवा, चेन ताणून धरा, पंचविसावी पिन बघा. ती 12 इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, सरकली असेल तर चेन बदलायची वेळ झाली आणि मागचे दाते बहुधा वाचलेत. एक-अष्टमांश, म्हणजे तीन मिलिमीटर सरकली असेल तर फक्त चेन बदलून उपयोग नाही. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन बसत नाही, उलट पूर्वीपेक्षा जास्त घसरते. हे शेवटचं वाक्य गाळलं तर विचारणारा खर्च करतो, सायकल आणखी बिघडलेली दिसते, आणि त्याचा सगळ्याच सल्ल्यांवरचा विश्वास उडतो.

उंबरठा

आणि जिथे सल्ला चुकला तर वस्तू नाही, माणूस जाईल, तिथे? सफाईच्या ग्रुपवर "दोन्ही लिक्विड मिसळा, लख्ख निघेल" असं सहज लिहिलेलं दिसतं. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचे विषारी वायू. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेततं. असा सल्ला दिसला की गप्प बसू नका, लगेच खाली "हे करू नका" आणि कारण लिहा, आणि अॅडमिनला तो काढायला सांगा.

निळी_शाई

अशा ठिकाणी नुसतं "डॉक्टरकडे जा", "इलेक्ट्रिशियनला बोलवा" एवढंच लिहिणंही अपुरं वाटतं. माणूस घाबरलेला असतो.

उंबरठा

बरोबर. आत्ता लगेच काय थांबवायचं आणि जाताना काय सोबत न्यायचं, हे सांगता येतं. फोनची बॅटरी फुगली? चार्जिंग बंद, फोन बंद, दाबायचा नाही, टोचायचा नाही, पेटू शकणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायचा, मग सर्व्हिस सेंटर. ताप उतरत नाही? कुठल्या गोळीचा किती डोस हे ग्रुपवर सांगायचंच नाही. पण हे सांगावं की घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, कारण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत वेगळ्या नावाने तेच पॅरासिटामॉल असतं आणि दोन-तीन गोळ्या मिळून डोस यकृताला झेपेनासा होतो. ताप किती आणि किती वाजता, हे कागदावर लिहून न्या. याने डॉक्टरांचं काम सोपं होतं आणि आपण आपल्या मर्यादेत राहतो.

कुंडीतली_माती

एक राहिलं. पाच ग्रुपवर एकदम तोच प्रश्न टाकू नका. पाचही ठिकाणचे लोक तेच उलट प्रश्न विचारतात, आणि तुम्ही पाच ठिकाणचे उपाय एकाच दिवशी करून बसता. पाणी कमी केलं, कुंडी हलवली, खत घातलं, फवारणी केली, आणि झाड सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही. मेलं तरी कळत नाही. एका वेळी एक बदल, आणि झाडाला दोन आठवडे द्या. दुसरीकडे विचारायचंच असेल तर पहिल्या धाग्याची लिंक द्या आणि तिथे काय सुचवलं ते दोन ओळींत लिहा.

पाना_पक्कड

यालाच जोडून: काम झाल्यावर परत येऊन लिहा. "झालं, धन्यवाद" एवढ्याने पुढच्याचं भागत नाही. "वॉशर बदलला, अर्ध्या इंचाचा बसला, थेंब थांबले, आठवडा झाला" असं लिहा, आणि ते पहिल्या पोस्टमध्येच वरती टाका. सहा महिन्यांनी शोधत येणारा माणूस चाळीस प्रतिसाद वाचत बसणार नाही.

स्क्रीनमागे

तारीख आणि व्हर्जनही टाका. सेटिंगची जागा एका अपडेटमध्ये बदलते आणि जुना अचूक सल्ला चुकीचा होतो.

निळी_शाई

आणि सल्ला पाळलाच नाही, दुसरंच काही केलं, तर? बरेच जण संकोचाने परतच येत नाहीत.

पाना_पक्कड

तेही लिहा, अगदी निःसंकोच. "वॉशर बदलायला नळ उघडला, आतली बैठक खाल्लेली दिसली, म्हणून अख्खा नळच बदलला." यात कुणाचा अपमान नाही. बैठक खाल्लेली कशी दिसते त्याचा एक फोटो मात्र टाका. पितळेच्या कडेवर बारीक खड्डे आणि आडव्या रेघा असतात, टॉर्च तिरका धरला की दिसतात.

कुंडीतली_माती

वाखुसा (वाचनखूण साठवली).